व्यवस्थापन प्रवेशपरीक्षा : आकडा कोणता धरावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी नोकरीच्या निमित्ताने ह्या पोलादाच्या गावात बिऱ्हाडे थाटली, त्यांच्यापुढे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न तसा सरळ होता. मुलगा हुशार निघाला तर अभियंता किंवा डॉक्टर, बेताचा निघाला तर पदवीधर होऊन बँकेची परीक्षा, आणि मुलगी शिकली तर बहुधा शिक्षिका. त्यांच्या नातवंडांपुढील वाटा पुष्कळ अधिक आहेत आणि त्यांतील एका वाटेवर सध्या मोठी गर्दी लोटली आहे. ती वाट व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणाची. तिच्या तोंडाशी जी परीक्षा उभी आहे तिला सारेजण ‘कॅट’ ह्या नावाने ओळखतात. ‘कॅटला किती मिळायला हवेत?’ हा प्रश्न हळदीकुंकवापासून गणपतीच्या मांडवापर्यंत सर्वत्र ऐकू येतो, म्हणून त्यावर बोलावे असे कार्यकारिणीने मला सुचविले. माझी हयात संख्याशास्त्र शिकविण्यात गेली, एवढाच माझा अधिकार.

मी एक आकडा सांगावा आणि खाली बसावे, अशी काहींची अपेक्षा असेल. तसा आकडा प्रचलितही आहे : नव्याण्णव. तो कोठून आला, त्याचा अर्थ काय आणि आपल्या घरातील मुलाला तो लागू पडतो किंवा नाही, ह्याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाही. ती आज आपण करू.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल. आपल्या पिढीला टक्केवारी कळते. मॅट्रिकला साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, ही मोजपट्टी आपल्या अंगात मुरलेली आहे. कॅटचा निकाल मात्र पर्सेंटाइलमध्ये लागतो. मराठी संख्याशास्त्रात त्याला शततमक म्हणतात. पर्सेंटाइल हा उमेदवाराच्या स्थानाचा आकडा आहे. पंढरपूरच्या दर्शनबारीत आपण उभे असलो, तर शंभरांतील किती माणसे आपल्या मागे आहेत एवढेच तो सांगतो. आपल्याला अभंग किती पाठ आहेत, ह्याविषयी तो काही बोलत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी ही परीक्षा दिली. त्यांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे आपल्यापुढे सुमारे २,९३० माणसे. ९५ म्हणजे साडेचौदा हजारांहून थोडी अधिक, आणि ९० म्हणजे एकोणतीस हजारांवर. शंभर पर्सेंटाइल म्हटले की सारी उत्तरे बरोबर आली असावीत, असा आपला समज होतो. वस्तुतः हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत देतात, आणि ९९.९९५ पासून पुढचे सारे पूर्णांकित होऊन शंभरावर जातात. २ लाख ९३ हजारांचा तेवढा अंश काढला तर चौदा-पंधरा माणसे येतात. त्या वर्षी शंभर पर्सेंटाइल मिळविणारे उमेदवार होते १४. वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे झळकली त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे, परंतु त्यांची संख्या बुद्धीने जितकी ठरविली तितकीच भागाकाराने ठरविली.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळू. २०२४ साली तीत ६८ प्रश्न व २०४ गुण होते. इंग्रजीचे आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकास ४० मिनिटे. एका विभागात वाचलेली मिनिटे दुसऱ्या विभागात वापरता येत नाहीत. बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात आणि पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात चुकल्यास १ गुण वजा होतो. जेथे उत्तर स्वतः टाइप करावयाचे असते तेथे वजाबाकी नाही. येथे मी आपणांस एक गोष्ट सांगतो, ती ऐकून पालकांच्या चेहऱ्यावर नेहमीच अविश्वास उमटतो. अलीकडच्या वर्षांत ९९ पर्सेंटाइलची रेषा एकूण गुणांच्या निम्म्याच्याही खाली राहिलेली आहे. शाळेच्या हिशेबाने ज्याला आपण दुसऱ्या वर्गात बसविले असते, तो विद्यार्थी येथे तीन लाखांतल्या पहिल्या तीन हजारांत असतो.

ह्यावरून आकड्याचा विचार कसा पालटतो ते पाहा. समजा, एका विद्यार्थिनीने ह्या प्रश्नपत्रिकेत ९० गुणांचे उद्दिष्ट धरले. तिने ४६ प्रश्न हाताळले, त्यांतील ३४ बरोबर आले, १२ चुकले आणि २२ प्रश्नांना तिने हातच लावला नाही. हे चुकलेले सारे प्रश्न पर्यायी उत्तरांचे होते असे धरले, तर १०२ मधून १२ वजा जाता ९० उरतात. तिच्याइतकेच ज्ञान असलेला तिचा मित्र धीट होता. त्याने ६० प्रश्न सोडविले, बरोबर ३४ च आले आणि चुकले २६. त्याच्या पदरी पडले ७६. ज्ञान समान असूनही अंतर चौदा गुणांचे पडले, आणि त्या उंचीवर चौदा गुणांत काही हजार माणसे सहज मावतात. आपल्या मुलांना लहानपणापासून ‘एकही प्रश्न सोडायचा नाही’ असे आपणच बजावीत आलो. येथे बावीस प्रश्न शांतपणे सोडून देणे हाच अभ्यासाचा मोठा भाग आहे, आणि हे शिकायला मुलांना गणितापेक्षा अधिक वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मुलाच्या मेजासमोरील भिंतीवर ‘९९’ असे लिहून चिकटविण्याने काय साधते, हे मला आजवर कळलेले नाही. पर्सेंटाइल त्याच्या एकट्याच्या हाती नाही. उरलेल्या जवळजवळ तीन लाखांनी त्या दिवशी काय केले, ह्यावर ते अवलंबून आहे. शिवाय परीक्षा तीन सत्रांत होते आणि सत्रांच्या काठिण्यातील फरक काढून टाकण्यासाठी गुणांची फेरमांडणी होते, तीही त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच : प्रत्येक विभागात किती प्रश्न निवडावयाचे आणि निवडलेल्यांपैकी किती चुकू द्यावयाचे. उद्दिष्ट लिहावयाचेच असेल तर ते ह्या भाषेत लिहावे. ‘गणितात चौदा हाताळीन, तिनाहून अधिक चुकू देणार नाही’ हे उद्दिष्ट झाले. ‘नव्याण्णव’ ही केवळ इच्छा झाली.

परंतु चौदाच का, दहा का नव्हे? ह्याचे उत्तर दोन टोकांकडून शोधावे लागते. एक टोक संस्थेचे आणि दुसरे विद्यार्थ्याच्या आजच्या स्थितीचे.

संस्थेचे टोक आधी घेऊ. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या, बंगळूरची १९७३ साली आणि लखनौची १९८४ साली. त्या काळी जे तरुण होते त्यांच्या मनात ह्या चार नावांखेरीज दुसरे नाव नसे. ‘नाहीतर कशाला त्या भानगडीत पडा’ हा सूर तेथूनच आलेला आहे. आज ह्या संस्था वीसहून अधिक आहेत. शेजारच्या रांचीत २०१० पासून एक आहे, नागपूरला २०१५ पासून आहे, आणि मुंबईच्या पवईतील १९६३ च्या जुन्या ‘नीटी’ने २०२३ साली आयआयएम मुंबई हे नाव धारण केले. जमशेदपूरची झेवियर संस्था तर १९४९ पासूनची. तिची परीक्षा स्वतंत्र आहे, तिला ‘झॅट’ म्हणतात. दिल्ली विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग कॅटचेच गुण पाहतो आणि त्याचे शुल्क इतरांच्या मानाने अगदीच थोडे आहे. एवढ्या साऱ्यांसाठी एकच आकडा कसा पुरावा?

शिवाय प्रत्येक संस्थेच्या दोन रेषा असतात, आणि पालकांची गल्लत बहुधा येथे होते. पहिली रेषा पात्रतेची. ती माहितीपत्रकात छापलेली असते, आणि कित्येक नामवंत संस्थांतही ती पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात आढळते. दुसरी रेषा प्रत्यक्ष मुलाखतीस बोलावण्याची. ती छापलेली नसते, निकालानंतर उमटते आणि सर्वसाधारण वर्गातील उमेदवारासाठी जुन्या संस्थांत बहुधा ९९ च्या आसपास किंवा वर जाते. छापील रेषा पाहून निश्चिंत होणारे आणि ऐकीव रेषा पाहून हातपाय गाळणारे, असे दोन्ही प्रकारचे पालक मी पाहिले आहेत. आणखी असे की, बोलावणे केवळ कॅटवर येत नाही. दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, विद्याशाखा, कित्येक ठिकाणी मुलगी असणे, ह्या साऱ्यांना संस्थेगणिक वेगवेगळे वजन असते. दहावी-बारावीस ज्याचे गुण बेताचे आहेत, त्याला त्याच दारासाठी कॅटमध्ये अधिक उंच चढावे लागते, आणि काही दारे त्याने यादीतून आजच काढून टाकणे शहाणपणाचे असते. विभागांच्या रेषाही वेगळ्या असतात. एकूण ९६ आले परंतु इंग्रजीत ६० वर राहिले, तर ते ९६ पुष्कळ ठिकाणी निरुपयोगी ठरतात. म्हणून उद्दिष्टाचे आकडे एकूण एक आणि विभागांचे तीन, असे चार धरावे लागतात.

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५, इतर मागासवर्गीयांसाठी २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आहेत व त्यांच्या रेषा अर्थातच निराळ्या आहेत. मूळ गाव साताऱ्याकडे आणि मुक्काम येथे, अशा आपल्या कुटुंबांना केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र मिळविण्यास महिने लागतात. ते काम परीक्षेच्या आधी उरकावे, एवढेच येथे सांगतो.

दुसरे टोक विद्यार्थ्याचे. आज तो कोठे उभा आहे हे सांगण्यास दहावीचे प्रशस्तिपत्रक उपयोगी नाही, क्लासच्या संचालकांचे शब्दही नाहीत. घड्याळ लावून, मध्ये न उठता दिलेली पूर्ण सराव परीक्षाच ते सांगते, आणि तीही एक पुरत नाही. पाच-सहा परीक्षांचे गुण ओळीने मांडले म्हणजे मधला आकडा कोणता आणि चढउतार केवढा, हे दिसू लागते. सर्वांत चांगला दिवस हा आपला पाया धरू नये. घरी मात्र तोच सांगितला जातो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पायाचा आकडा समजा ३८ आला. येथून ६० पर्यंतचा प्रवास बहुधा अभ्यासक्रमातील भगदाडे बुजवून होतो. टक्केवारी, गुणोत्तरे, समीकरणे, रोजचे इंग्रजी वाचन एवढ्याने पुष्कळ साधते. रांगेच्या मध्यभागी गर्दी दाट असल्यामुळे तेथे चार-पाच अधिक बरोबर उत्तरांनी माणूस हजारोंना मागे टाकतो. ६० वरून ८० कडे जाताना निवड आणि वेग ह्यांचा कस लागतो. त्याच्याही पुढे पर्सेंटाइलचा अर्धा अंश मिळविण्यास तीन-तीन प्रश्न अधिक लागतात, आणि ते तीन प्रश्न कधीकधी तीन महिने खातात.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ह्या संदर्भात मला वारंवार ऐकविली जाते. ती अर्धीच लागू पडते. पैशाचे अंथरूण रातोरात वाढत नाही, परंतु वीस वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचे अंथरूण सहा महिन्यांत वीतभर निश्चित वाढते. म्हणून आजच्या मधल्या आकड्याच्या थोडे पुढे, परंतु पुढील दोन महिन्यांत गाठता येईल असे पहिले उद्दिष्ट धरावे आणि ते गाठल्यावरच दुसरे ठरवावे. जूनमध्ये धरलेला आकडा ऑक्टोबरमध्ये बदलला तर त्यात कोणाचीही नामुष्की नाही. खाली आणावा लागला तरीही नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू, कारण ह्या आकड्यांत तोही एक आकडा आहे. अहमदाबादसारख्या संस्थेत दोन वर्षांचे शुल्क पंचवीस लाखांच्या आसपास आहे. नव्या संस्थांचे त्याहून कमी, तरीही मोठेच. वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेऊन दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याला २६ हजारांहून अधिक हप्ता पडतो, आणि शिक्षणाच्या काळातील व्याज त्यात धरलेले नाही. ‘कोठेही मिळो, पण प्रवेश घ्यायचाच’ असे म्हणणाऱ्यांनी हा हप्ता कागदावर लिहावा आणि त्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या वेतनाशी ताडून पाहावा. जाहिरातीतील सर्वोच्च वेतनाशी ताडू नये. म्हणून माझा आग्रह आहे की उद्दिष्टाबरोबर एक तळाचा आकडाही आधीच ठरवावा. त्याच्या खाली गुण आले तर कर्ज काढावयाचे नाही, नोकरी धरावयाची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहावयाचे. ह्या परीक्षेस वयाची वा प्रयत्नांची मर्यादा नाही. हा तळाचा आकडा निकालानंतर ठरवू गेल्यास तो नेमका हाती आलेल्या गुणांइतकाच ठरतो, असे दिसून येते.

आपल्या महाराष्ट्राकडे डोळे लावून बसलेल्या पालकांसाठी दोन शब्द. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची, तिचा लौकिक मोठा आणि तिच्यासारख्या संस्थांत राज्याच्या सीईटीने प्रवेश मिळतात. ही परीक्षा कॅटपेक्षा अगदी निराळ्या घडणीची आहे. २०२५ साली तीत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तरास वजाबाकी नव्हती. तेव्हा मघाची ‘सोडून द्या’ ही शिकवण तेथे घातक ठरेल. तेथे एकही जागा कोरी ठेवावयाची नाही. मात्र त्या प्रवेशांत महाराष्ट्राचा रहिवासी कोणाला म्हणावे, ह्याचे नियम काटेकोर आहेत. आडनाव कुलकर्णी आहे, घरी पुरणपोळी होते आणि आजोबा कऱ्हाडचे होते, एवढ्यावर काम भागत नाही. विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे अधिवास प्रमाणपत्र आहे काय, हे पाहावे लागते, आणि नसल्यास अखिल भारतीय जागांत स्पर्धा करावी लागते. तेथील रेषा वेगळी असते. त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय ह्या बाबतीत कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, माझ्याही नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांची परीक्षा ‘जीमॅट’. तिच्याविषयी एवढेच की, ‘अमेरिकेतल्या मावसभावाला सातशे मिळाले होते’ हे वाक्य आता जपून उच्चारावे. जुनी मोजपट्टी ८०० पर्यंत होती. २०२४ च्या आरंभी जुनी परीक्षा बंद झाली आणि नव्या परीक्षेचे गुण २०५ ते ८०५ असे मोजतात. त्या पट्टीवरील ६४५ हा आकडा जुन्या ७०० च्या जवळपासचे स्थान दर्शवितो. तेव्हा ६४५ आणणारी भाची मावसभावापेक्षा मागे पडली, असे कोणी समजू नये.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. परमुलुखात राहणाऱ्या समाजाला आपल्या मुलांच्या यशाचा आधार वाटतो, हे मी समजू शकतो. येथे आपली शेती नाही, वाडा नाही, भावकी नाही, चार लोकांत मान सांगावयाचा तो मुलांच्या शिक्षणावरूनच. आपले मंडळ दरवर्षी गुणगौरव करते, तो समारंभ मला प्रिय आहे. तथापि त्याच व्यासपीठावरून बारावीच्या मुलाला ‘आता पुढे अहमदाबाद ना?’ असे ध्वनिक्षेपकावर विचारण्याची जी प्रथा पडली आहे, तिने किती घरांत किती रात्री जागविल्या जातात, ह्याची कल्पना विचारणाऱ्याला नसते. त्या क्षणी मुलाने दिलेले ‘हो’ हे त्याचे उद्दिष्ट होऊन बसते. ते त्याने तपासलेले नसते आणि मागे घेण्याचीही सोय उरत नाही. पुढे ८८ पर्सेंटाइल येते, म्हणजे रांगेतील अडीच लाखांहून अधिक माणसे त्याच्या मागे असतात, आणि हा मुलगा दुसऱ्या वर्षी कोजागिरीला येत नाही. आपल्यांतील काही मुले ह्या सभागृहात येईनाशी का झाली, ह्याचे एक कारण मला येथे दिसते. कार्यकारिणीस माझी सूचना आहे की, गौरव झालेल्या गुणांचाच करावा आणि पुढचे विचारूच नये. आकडा मुलाने धरावा, आईवडिलांनी खर्चाची मर्यादा सांगावी, आणि मंडळाने फार तर सराव परीक्षेसाठी रविवारी ही वरची खोली उघडून द्यावी. संगणक नसले तरी चालेल, शांतता असावी.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर कॅटचे अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरात संपतात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवसांतील एका रविवारी असते. म्हणजे गणेशोत्सवातील नाटकाच्या तालमी आणि दिवाळी ही दोन्ही ऐन मोसमात येतात. नाटकातून मुलांना काढून घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. दोन तास मोठ्याने संवाद म्हटलेल्या मुलाचे डोके दुसऱ्या दिवशी अधिक चालते. मात्र त्यांना प्रवेश थोडे असलेली भूमिका द्यावी, एवढी दिग्दर्शकांना विनंती.

अध्यक्षमहोदयांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्या मुलामुलींनी आपल्या सराव परीक्षांच्या नोंदी बरोबर आणल्या आहेत, त्यांनी त्या घेऊन पुढच्या रांगेत यावे, आपण एकेकाचा मधला आकडा काढू. पालकांसाठी मागे चहाची व्यवस्था आहे.